प्यादे एक घर चालते

२८ जुलै २०२५. श्रावणातला पहिला सोमवार होता. घरात सौभाग्यवतींचा उपास, देवघरात शिवामुठीचे तांदूळ काढून ठेवलेले, बाहेर यवतमाळचा रिपरिप पाऊस. आणि मी? शेजारच्या मुलाने लावून दिलेल्या मोबाइलच्या चिमुकल्या पडद्याला डोळे लावून बसलेलो. पडद्यावर काय, तर चौसष्ट घरांचा पट. जॉर्जिया देशात, काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या बाटुमी शहरात महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता आणि पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय मुली बसल्या होत्या. 'मुली' म्हणायची आपली सवय. त्यातली एक, कोनेरू हम्पी, अडतीस वर्षांची, एका लेकीची आई. दुसरी दिव्या देशमुख, एकोणीस वर्षांची, आपल्या शेजारच्या नागपूरची.

शनिवारचा आणि रविवारचा असे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. सोमवारी जलद डावांवर निकाल लागायचा होता. पंधरा मिनिटांचे घड्याळ आणि दर चालीला दहा सेकंदांची भर. त्यातला पहिला डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात हम्पीकडे पांढरी मोहरी होती. तिने वजिरापुढचे प्यादे पुढे घातले, त्याच्या शेजारचे दुसरे घातले आणि राजाच्या बाजूचा उंट कोपऱ्याजवळच्या घरात नेऊन बसवला. तिथून तो तिरप्या रेषेत सबंध पटावर नजर ठेवतो. या मांडणीला कॅटलन म्हणतात. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत आयोजकांनी टार्टाकोव्हर नावाच्या खेळाडूला आपल्या प्रांताच्या नावाने एखादी सुरुवात बसवून द्या, अशी गळ घातली होती. त्याने ती दिली आणि कॅटलोनियाचे नाव बुद्धिबळात कायमचे राहिले.

डाव लांबत गेला. घड्याळ दोघींच्याही मानगुटीवर बसले. शेवटच्या टप्प्यात दोघींच्याही हातून चुका झाल्या आणि अखेर हम्पीने डाव सोडला. काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्या जिंकली, अडीच विरुद्ध दीड. स्पर्धेतले पंधरावे मानांकन असलेल्या या मुलीच्या नावावर त्या दिवसापर्यंत ग्रँडमास्टर पदासाठी लागणाऱ्या तीन निकषांपैकी एकही निकष जमा नव्हता. विश्वचषक जिंकला की ते पद थेट मिळते, म्हणून एका संध्याकाळी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर ती रडू लागली आणि आईच्या गळ्यात पडली. इकडे माझेही डोळे भरून आले. स्वयंपाकघरातून उपास सोडायला दोनदा हाक आली, तरी मला उठवेना.

विदर्भाच्या पोरीने जग जिंकले, एवढ्यानेच ते डोळे भरले असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. वर्तमानपत्रांनी ते कौतुक भरभरून केलेले आहे. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

बुद्धिबळ मला माझ्या आजोबांनी शिकवले. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी ओसरीवर कापडी पट अंथरला जाई. आजोबांचे नियम देशी होते. राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्या घरात जाईल त्या घरचे मोहरे होणार, वाटेल तेव्हा वाटेल तो वजीर नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे प्यादे एकच घर चालणार, पहिल्या चालीलासुद्धा. मी लहानपणी उतावळा. दोन घरे दामटायला जाई. आजोबा माझा हात धरून प्यादे मागे ठेवत आणि म्हणत, "घाई कायले करतं बाबू? प्यादं हाय ते. आपल्या छोट्या गाडीवानी एकेक ठेसन घेत जाते." छोटी गाडी म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेज. लोक पुढे तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. आता तीही थांबली आहे.

१९७२ साली फिशर आणि स्पास्कीचा सामना झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. यवतमाळच्या वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांचे डाव छापून येत. ते उतरवून घेताना पहिल्याच चालीत प्यादे दोन घरे गेलेले पाहिले आणि मला ती छपाईची चूक वाटली. दुसऱ्या डावातही तीच चूक! मग एका शिक्षकांनी समजावले की साहेबांच्या खेळात तसेच असते. युरोपात पाचएकशे वर्षांपूर्वी खेळाला वेग यावा म्हणून वजिराला भरमसाट बळ दिले गेले, प्याद्यांनाही पहिली उडी दोन घरांची मिळाली. तेव्हापासून डावाच्या सुरुवातीला महत्त्व आले. मध्यावरची चार घरे जो आधी बळकावील तो वरचढ, असे शास्त्र तयार झाले आणि पहिल्या दहा-पंधरा चालींवर ग्रंथ लिहिले गेले.

आजोबांचा खेळ अडाणी, असा माझा समज त्या दिवशी झाला. तो दूर व्हायला बरीच वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर राहत होता. आपल्या काळातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली गृहस्थांशी पडली. महेशबाबू शहराबाहेरचे, देशी पद्धतीने खेळून तयार झालेले. दोघांत शेकडो डाव झाले. कॉक्रेन मध्यावर प्यादी रेटी. महेशबाबू त्याला तो मध्य खुशाल घेऊ देत. आपण मात्र घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, त्या जागी उंट बसवायचा, राजाला कोटात न्यायचे आणि मग समोरच्याने उभारलेल्या इमारतीचा पाया खणायला घ्यायचा. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांवर वाढलेल्या माणसाला ही मांडणी सहज सुचावी, यात नवल नाही. १८५५ साली ते जी मांडणी खेळले, ती १९२२ साली ग्रुनफेल्ड नावाच्या व्हिएन्नाच्या खेळाडूने पुढे आणली आणि जगाने तिला त्याचे नाव दिले. पण या सबंध घराण्याला आजही जगभर 'इंडियन डिफेन्स', म्हणजे भारतीय बचाव म्हणतात. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही सगळी त्याच घरची लेकरे. कॅटलनमधला तो कोपऱ्याजवळचा उंटही त्यांचा जवळचा नातलग.

म्हणजे आमचे आजोबा अडाणी नव्हते. सुरुवातीला हळू चालणारा माणूस हरतोच असे नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

मी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी गेली. १९८७ साली मुलगी झाली, तीन वर्षांनी मुलगा. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिच्यापुढे पट मांडला. देशी नियम सांगितले, मग साहेबाचे. तिला दोन घरांची मुभा कळली, तरी काळी मोहरी घेऊन बसली की ती घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायची आणि उंट कोपऱ्याजवळ बसवायची. कुणी शिकवलेले नव्हते. तिला ते नुसते आवडायचे. "बाबा, हा उंट दाराआडून बघतो," असे म्हणायची.

ती शाळेत खेळू लागली, तालुक्याला, मग जिल्ह्याला. शनिवारी रात्री डबा बांधायचा, रविवारी पहाटेच्या एस.टी.ने अमरावती नाहीतर नागपूर गाठायचे. दिवसभर कुठल्यातरी शाळेच्या व्हरांड्यात पालकांच्या रांगेत मी बसून असे. ती कधी जिंकायची, कधी हरायची. फार मोठी खेळाडू होती असे मी म्हणणार नाही. पण हरल्यावरही येताना बसमध्ये मांडीवर छोटा पट घेऊन तोच डाव पुन्हा लावायची. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असे, ते मला नंतर तिच्या चेहऱ्यावर पाहायला मिळाले नाही.

२००२ साली हम्पी ग्रँडमास्टर झाली, वयाच्या पंधराव्या वर्षी. हा मान मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. माझ्या मुलीने तिचे छायाचित्र कापून वहीत चिकटवले. दोघींचा जन्म एकाच वर्षीचा, हे तिला फार महत्त्वाचे वाटत होते. त्याच जूनमध्ये ती दहावीत गेली आणि मी पट माळ्यावर टाकला.

भांडण झाले नाही. मी बँकेच्या माणसाला शोभेल असा हिशेब मांडला. कर्जाच्या प्रत्येक प्रस्तावावर आम्ही एक प्रश्न विचारत असू, परतफेड कशातून होणार? तोच मी लेकीला विचारला. खेळून पुढे काय? नोकरी लागेल? लागली तर किती जणींना? तिच्याजवळ उत्तर नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलीजवळ ते असायचे कारणही नव्हते. तिने वही मिटली. दहावीला उत्तम गुण मिळाले, मग अभियांत्रिकी, मग पुण्यात नोकरी, लग्न, संसार. खाते अगदी नियमित चालले. एकही हप्ता थकला नाही.

पुढे कुठेतरी वाचनात आले की हम्पीच्या वडिलांनी, कोनेरू अशोक यांनी, मुलीला शिकवण्यासाठी आपली नोकरी सोडली होती. मी त्या वेळी हसलो होतो. 'असे वेडे सगळेच झाले तर बँका कशा चालायच्या,' असे घरात म्हणालोही होतो.

त्या श्रावणी सोमवारी रात्री नऊच्या सुमारास पुण्याहून मुलीचा फोन आला.

"बाबा, बघितलात?"

"बघितला ना. तू?"

"ऑफिसात होते. चोरून बघितला." थोडा वेळ ती नुसती हसत होती. मग म्हणाली, "हम्पी हरली त्याचं वाईट नाही वाटलं. लेक झाल्यावर परत येऊन दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली ती. अजून बसते पटावर. ते बघूनच बरं वाटतं."

मला राहवले नाही. म्हणालो, "तुझं मी दहावीत बंद केलं ते चुकलंच."

ती गप्प झाली. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारले, "बाबा, धाकटा दहावीत होता तेव्हा त्याची बॅट कुठे होती हो?"

वाचकहो, त्याची बॅट दाराच्या मागेच होती. तो रोज संध्याकाळी मैदानावर जात होता आणि 'पोराला तासभर मोकळं सोडलं पाहिजे, अभ्यास चांगला होतो,' असे मीच त्याच्या आईला सांगत होतो. परतफेडीचा प्रश्न त्याला कधी विचारला गेला नाही. इतकी वर्षे मी स्वतःची समजूत घातली होती की मी खेळ आणि अभ्यास यांत निवड केली. ते खरे नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात याची जुनी उदाहरणे आहेत. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, १९७४पासून महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद वर्षानुवर्षे घरातच ठेवले. १९७६ साली रोहिणी खाडिलकर, वय अवघे तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या तेव्हा केवढा गहजब झाला. बाई पुरुषांत कशी, म्हणून आक्षेप घेतले गेले. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना निर्वाळा द्यावा लागला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. तो दरवाजा पन्नास वर्षांपूर्वी उघडला. घराघरांतले माळे मात्र त्यानंतरही पट पोटात घेत राहिले. माझ्या घरातला तर घेऊन बसलाच.

कुणी म्हणेल, साहेब, एका दिव्यामागे हजारो मुली अशा असतात ज्या कुठेच पोहोचत नाहीत, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. बुद्धिबळ हा स्वस्त खेळ दिसतो, पण एका टप्प्यानंतर तो फार महाग होतो. प्रशिक्षक, प्रवास, परदेशातल्या स्पर्धा. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत आणि आई तिच्याबरोबर देशोदेशी जाते, हे विसरून चालणार नाही. नागपूरने रौनक साधवानी दिला, संकल्प गुप्ता दिला, अमरावतीने स्वप्नील धोपाडे दिला. यवतमाळनेही उद्या ग्रँडमास्टर द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. कुणी नोकरी सोडावी असेही म्हणत नाही. मी स्वतः सोडली नसती.

माझे म्हणणे त्याहून खूप लहान आहे. परतफेडीचा प्रश्न मुलांच्या आवडीला विचारू नये, आणि विचारायचाच असेल तर मुलाला आणि मुलीला सारखा विचारावा. रविवारचे दोन तास कुणाचे बुडत नाहीत. माझ्या मुलीला मी दोन तास ठेवले असते तर ती ग्रँडमास्टर झाली नसती. कदाचित जिल्ह्याच्या बाहेरही फारशी गेली नसती. पण ती खेळत राहिली असती, आणि तेवढे पुरेसे होते.

या जिल्ह्यात कर्जे वाटताना मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली. मृगाचा पाऊस पडायच्या आधीच आमचा शेतकरी कोरड्या मातीत सरकी टोबतो. धूळपेरणी म्हणतात तिला. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-दहा दिवस पुढे निघते, नाही आला तर बियाणे मातीत जाते. बुद्धिबळात याला गॅम्बिट म्हणतात. पुढच्या मोकळ्या चालींसाठी आधी एक प्यादे देऊन टाकायचे. बाटुमीच्या अंतिम सामन्यातला पहिलाच डाव अशा क्वीन्स गॅम्बिटचा होता. बँकेतला माणूस म्हणून मला धूळपेरणीची नेहमी धास्ती वाटे. शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणे, "सायेब, इतकं तं कराच लागते." आभाळाच्या भरवशावर बियाणे मातीत घालणारी माणसे या जिल्ह्यात घरोघरी आहेत. पिकाच्या बाबतीत आमच्यात एवढी छाती आहे, पण लेकीचा एक रविवार बेहिशेबी सोडताना ती कुठे जाते, कळत नाही.

आपल्याकडे आता आठवीपासूनच शिकवण्या लागतात. मुले डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी दूरच्या गावी पाठवली जातात. बुद्धिबळाच्या भाषेत सांगायचे तर आपण त्यांना फक्त सुरुवातीच्या चाली पाठ करून देतो. पहिल्या पंधरा चाली दुसऱ्यांनी शोधलेल्या असतात, त्या कुणीही घोकू शकतो. खरा डाव त्यानंतर सुरू होतो, जेव्हा पाठ केलेले संपते आणि माणूस पटासमोर एकटा उरतो. विश्वचषक जिंकल्यावर दिव्यानेच मोकळेपणाने सांगितले की मला डावाचा शेवट शिकायला हवा. जग जिंकलेली मुलगी असे म्हणते. आपण मात्र पंधराव्या वर्षी लेकरांचा डाव आवरून ठेवतो आणि निकालही लावून टाकतो.

त्या फोननंतर चार दिवसांनी मी शिडी लावून माळ्यावर चढलो. पट मिळाला, मोहरी मिळाली. एक काळा हत्ती उंदरांनी कुरतडला होता. ती वही मात्र कुठे सापडली नाही. मुलीला विचारले तर म्हणाली, "माझ्याकडे आहे. पुण्याला येताना आणली होती." म्हणजे तेवीस वर्षे ती वही तिच्याजवळ होती.

आता आम्ही दोघे फोनवर एक डाव खेळतो. दिवसाला एकच चाल. मी इथे पटावर मांडतो, ती तिकडे. घाई नाही. पांढरी मोहरी मला दिली आहेत. मी वजिरापुढचे प्यादे दोन घरे घातले. दुसऱ्या दिवशी तिने घोडा काढला. मी दुसरे प्यादे घातले. तिने घोड्यापुढचे प्यादे सरकवले, एक घर. आता तिचा उंट दाराआडून बघतो आहे आणि माझ्या मध्यावरच्या प्याद्यांचे काही खरे दिसत नाही.

परवापासून तिच्या लेकीलाही त्या पटाजवळ बसू देतात म्हणे. तिने आईला विचारले, हे प्यादे दोन घरे जाऊ शकते ना, मग तू एकच का चाललीस? मुलीने फोन माझ्या नातीकडे दिला आणि म्हणाली, "हे आजोबांना विचार."

मी तिला छोट्या गाडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली आहे.